गाळलेल्याची नोंद
एआय एजंटची वेबपान वाचणारी साधने आणि त्यांच्या माहितीपत्रकांची पारख

शाळेत मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा’ असा एक हमखास प्रश्न असे. शब्दाची जात कोणती, लिंग कोणते, वचन, विभक्ती, वाक्यातल्या कोणत्या शब्दाशी त्याचा संबंध. संगणकाच्या जगात ज्याला ‘पार्सिंग’ म्हणतात ते जवळजवळ हेच काम आहे. तिथे वाक्याऐवजी एचटीएमएलमध्ये लिहिलेले वेबपान असते आणि व्याकरण चालवायचे ते त्यातल्या खुणांचे: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा तक्ता, हा दुवा. आपला ब्राउझर हे काम रोज करतो आणि त्याने केलेले काम आपण डोळ्यांनी तपासतो. पान विस्कटले तर लगेच दिसते.

आता पान वाचण्याचे काम आपण दुसऱ्यावर सोपवू लागलो आहोत. ‘एजंट’ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आरटीओच्या फाटकाबाहेरचा गृहस्थ उभा राहतो, आणि ती आठवण इथे अगदीच गैरलागू नाही. एआय एजंट म्हणजे आपल्या वतीने कामे उरकणारा प्रोग्रॅम. मध्यभागी एक भाषिक मॉडेल आणि त्याच्या हाताशी काही साधने. ‘अमुक योजनेच्या अर्जाची मुदत वाढली का, बघून सांग’ असे म्हटले की तो पान आणतो, वाचतो आणि उत्तर देतो. पण मॉडेल स्वतः पान उघडत नाही. ते एका साधनाला पत्ता सांगते. साधन पान आणते, पार्स करते, नको ते काढून टाकते आणि उरलेला मजकूर मॉडेलच्या हाती ठेवते. मॉडेलच्या लेखी तेवढेच पान. तक्त्यातला एखादा रकाना सरकला आहे किंवा तळाची सूचना गायब आहे, हे त्याला दिसण्याची सोय नसते.

या साधनाविषयी मॉडेलला माहिती असते ती त्याचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि त्याला कोणती मूल्ये द्यायची याची यादी, इतकीच. संभाषण सुरू होताना ती त्याच्यापुढे ठेवली जाते. माणूस प्रोग्रॅमर अडला तर कोड उघडून बघतो, शेजारच्याला विचारतो, दोनदा करून पाहतो. मॉडेल बहुतेक वेळा वर्णनावर विसंबते, आणि वर्णन जिथे गप्प असेल तिथे तशाच इतर साधनांवरून अंदाज बांधते. तो अंदाज होता, असे उत्तरात कुठेही लिहिलेले नसते. कालपर्यंत ‘डॉक्युमेंटेशन’ ही प्रोग्रॅमरच्या सोयीची बाब होती. आता उत्तराचा खरेपणा तिच्यावर अवलंबून आहे. तिची पारख करायची कशी? माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: पान गाळून देणाऱ्या साधनाचे माहितीपत्रक, ते साधन काय देते यावरून जोखू नये. ते काय टाकून देते, आणि त्याबद्दल माहितीपत्रक किती मोकळेपणाने बोलते, यावरून जोखावे.

बहुतेक माहितीपत्रके पोथीच्या शेवटच्या फलश्रुतीसारखी असतात. पठण केल्याने काय काय लाभेल याची यादी लांबलचक. कुणाला काही लाभले नाही तर पुढे काय, याबद्दल चकार शब्द नाही. परंपरा मात्र कायम अशी नव्हती. १९७१ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीची जी हस्तपुस्तिका काढली, तिच्यात आज्ञांच्या नोंदींना ‘बग्ज’ असे एक सदरच होते. आज्ञा काय करते ते सांगून झाले की तिच्यात काय खोट आहे तेही तिथेच, त्याच पानावर. वापरणाऱ्याला खोट माहीत असली तर तो सांभाळून वापरतो, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

पार्सरच्या बाबतीत या वळणाचे एक सुंदर उदाहरण ‘ब्यूटिफुल सूप’ या पायथनमधल्या लोकप्रिय संचाच्या माहितीपत्रकात आहे. लिओनार्ड रिचर्डसन यांनी २००४ मध्ये तो सुरू केला. हा संच स्वतः पार्स करत नाही, तीनपैकी कोणत्याही एका पार्सरकडून करवून घेतो. तिघांत फरक काय, हे सांगण्यासाठी माहितीपत्रकात मुद्दाम एक मोडका तुकडा घेतला आहे: दुव्याची खूण उघडलेली, आणि परिच्छेदाची खूण मात्र न उघडताच बंद केलेली. एक पार्सर ती अनाथ बंद-खूण टाकून देतो आणि उरलेल्याभोवती पूर्ण पानाचा सांगाडा उभा करतो. दुसरा तिच्या जोडीला उघडणारी खूण स्वतःच घालून रिकामा परिच्छेद तयार करतो. तिसरा खूण टाकतो, पण सांगाडा उभारण्याच्या फंदात पडत नाही. तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापली आहेत, आणि यातले बरोबर कोणते याचा निर्णय न देता वाचकाला बजावले आहे की तुमच्या कोडचे वागणे पार्सरवर अवलंबून राहील. विशेषणांनी भरलेल्या दहा पानांपेक्षा या एका मोडक्या तुकड्याने अधिक कळते.

आता एजंटसाठी म्हणून बनलेले एक साधन घेऊ. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एमसीपी, ही साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत जाहीर केली. तिच्यासोबत नमुन्यादाखल जी साधने आली त्यांत ‘फेच’ नावाचे एक छोटे साधन आहे. पत्ता द्या, पान आणून मार्कडाउन या साध्या खुणांच्या रूपात परत देते. कोड कुणालाही वाचण्यास खुला, त्यामुळे पत्रकातले शब्द आणि प्रत्यक्ष कृती यांची तुलना करता येते. अशी साधने बदलत राहतात. इथे बोलतो आहे ते त्याच्या सर्वत्र पोहोचलेल्या रूपाबद्दल.

पहिली लक्षात येणारी गोष्ट अशी की फेचची माहितीपत्रके दोन आहेत. एक माणसासाठी, कोडसोबत येणारे. दुसरे मॉडेलसाठी, साधनाच्या आत बसवलेले काही वाक्यांचे वर्णन. हे दुसरे वाचण्यासारखे आहे, कारण ते मॉडेलला ‘तू’ म्हणून बोलते. आशय असा: मुळात तुला इंटरनेट नव्हते आणि तसे सांगून नकार देण्याची सूचना तुला होती, पण आता या साधनामुळे तुला ते मिळाले आहे. म्हणजे वर्णन साधनाची ओळख करून देता देता वाचणाऱ्याची जुनी सवयही मोडू बघते. यंत्राची माहिती यंत्राला द्वितीयपुरुषी सांगणारा हा लेखनप्रकार दोन-चार वर्षांपूर्वी कुणाच्या कल्पनेतही नव्हता, आणि त्याचे समीक्षक अजून तयार व्हायचे आहेत.

आता काय सांगितले आहे ते पाहू. पत्त्याखेरीज तीन मूल्ये देता येतात: जास्तीत जास्त किती अक्षरचिन्हे परत हवीत (काही न सांगितल्यास ५०००), कितव्या चिन्हापासून सुरुवात करायची, आणि मार्कडाउन न करता कच्चे पान हवे का. पान मोठे असेल तर ते तोडले जाईल हे पत्रकात स्पष्ट आहे. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे मजकूर तोडला की साधन तोडलेल्या जागी तसे लिहूनही टाकते, आणि पुढचा भाग हवा तर सुरुवातीचा आकडा अमुक द्या, असा नेमका आकडा देते. माहिती गरज पडली त्या क्षणी, गरज पडली त्या जागी आली. माहितीपत्रक म्हणजे फक्त आधी वाचायचा कागद नव्हे. साधन अडचणीच्या वेळी जे बोलते तेही त्याचेच एक पान आहे, आणि पारख करताना मी त्याला जास्त गुण देतो.

५००० हा आकडा मात्र मराठी वाचकाने जरा थांबून बघावा. इथे मोजली जातात ती युनिकोडची चिन्हे, आपण वाचतो ती अक्षरे नव्हेत. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा, पण काना, हलन्त वगैरे धरून संगणकाला दहा चिन्हांचा. ‘दिवाळी’ तीन अक्षरांची, मोजणीत सहा. या हिशेबाने तुमच्या हातातला हा लेख पहिल्या खेपेत निम्मासुद्धा येणार नाही. शिवाय तोड चिन्हांच्या मोजणीवर पडते, त्यामुळे जोडाक्षराच्या मधोमधही पडू शकते. तरीही मोजमापाचे एकक पत्रकात लिहिले आहे ही जमेची बाजू. कित्येक साधनांत नुसते ‘कमाल लांबी’ एवढेच असते. चिन्हे म्हणावी, बाइट म्हणावेत की मॉडेलचे टोकन? देवनागरीचे एक चिन्ह साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट खाते. इंग्रजी पानावर चिन्ह आणि बाइट यांचे आकडे जवळपास सारखेच येतात, म्हणून तिथे हा प्रश्न कुणाला पडतही नाही.

इथवर जो मजकूर गेला तो सांगून गेला. खरी गोम पुढे आहे. तोडण्याआधी साधन पान गाळते: मेनू, जाहिराती, शेजारच्या पट्ट्या काढून ‘मुख्य मजकूर’ तेवढा ठेवते. या गाळण्याबद्दल मॉडेलला सांगितले आहे ते जवळपास एवढेच की मजकूर मार्कडाउनमध्ये काढून दिला जाईल. कशातून काय गाळले याची पावती नाही. माणसासाठीच्या पत्रकात एक ओळ सापडते: संगणकावर नोड-जेएस बसवलेले असेल तर साधन वेगळी, अधिक भरवशाची गाळणी वापरेल. म्हणजे एकच पान, एकच पत्ता, पण दोन संगणकांवर हाती येणारा मजकूर वेगळा असू शकतो, आणि आपल्या वाट्याला कोणती गाळणी आली हे मॉडेलला कळायला मार्ग नाही.

ती अधिक भरवशाची गाळणी म्हणजे मोझिलाची ‘रीडेबिलिटी’. फायरफॉक्समधल्या वाचन-दृश्यामागे हीच आहे. तिची रीत मोठी गमतीची आहे. ती मजकुराचा अर्थ लावत नाही, गुण देते. २५ चिन्हांहून लहान परिच्छेद गुणांच्या मोजणीत धरत नाही. परिच्छेदाला मुळात एक गुण, स्वल्पविरामांगणिक आणखी, दर शंभर चिन्हांमागे एक आणि तेही तीनपर्यंतच. ज्या चौकटीच्या अंतर्गत नावात ‘साइडबार’, ‘फूटर’, ‘बॅनर’, ‘मेनू’ असले शब्द येतात ती सहसा स्पर्धेतून आधीच बाद. लांब, स्वल्पविरामांनी भरलेल्या गद्यावर ही रीत उत्तम चालते; वर्तमानपत्रातला लेख ती अलगद सोलून काढते. पण ‘अर्ज करण्यास १५ तारखेपर्यंत मुदतवाढ’ ही आपल्या कामाची ओळ कुठे असते? बहुधा उजवीकडच्या ‘साइडबार’ नावाच्या चौकटीत, एका ओळीत, एकही स्वल्पविराम नसलेली. गुणपत्रिकेत ती नापास. मॉडेलच्या हाती योजनेची उद्दिष्टे सांगणारे तीन सुंदर परिच्छेद येतात, आणि ते खात्रीने सांगते की पानावर मुदतवाढीचा उल्लेख नाही. विचारणाऱ्याचा अर्ज बुडतो. खोटे कुणीच बोललेले नसते.

रीडेबिलिटीच्या स्वतःच्या माहितीपत्रकाबद्दल मला आदर आहे. हे पान वाचण्याजोगे आहे का, असे सांगणारी तिची जी झटपट चाचणी आहे, ती दोन्ही बाजूंनी चुकू शकते असे तिथे सरळ लिहिले आहे. काम करताना आपण मूळ पानात फेरफार करतो, म्हणून नक्कल द्या, असेही. पण एका ठिकाणी पत्रक आणि कोड यांची ताटातूट झाली आहे. पत्रक म्हणते की उत्तर मिळण्यासाठी लेखात किमान ५०० चिन्हे हवीत. कोड तसे करत नाही. ५०० भरली नाहीत तर तो गाळणी थोडी सैल करून पुन्हा प्रयत्न करतो, मग आणखी सैल, आणि शेवटी सगळ्या प्रयत्नांत ज्यात सर्वांत जास्त मजकूर हाती लागला तो देऊन टाकतो. काहीच हाती न आले तरच हात वर करतो. म्हणजे ५०० हा उंबरठा नाही, गाळणी सैल करण्याचा इशारा आहे. परिणामी लहान पानाचा मजकूर मोठ्या पानापेक्षा जास्त कचरा घेऊन येण्याचा संभव, आणि आपल्याकडच्या सूचना, नोटिसा, निकालपत्रे लहानच असतात. हा फरक पत्रक वाचून कळणार नाही. पत्रकावर विश्वास ठेवला तर उलटा समज होईल.

तक्त्यांचे दुखणे वेगळे. मार्कडाउनच्या तक्त्यात उभ्या जोडलेल्या चौकटींची सोयच नाही. जिल्ह्याचे नाव एकदाच लिहून ते पाच तालुक्यांच्या ओळींना जोडायचे, ही आपल्या सरकारी तक्त्यांची आवडती मांडणी. ती सपाट करताना पहिल्या ओळीत जिल्हा येतो, खालच्या चार ओळींत ती जागाच राहत नाही, आणि तालुका जिल्ह्याच्या रकान्यात सरकतो, तारीख तालुक्याच्या. यावर साधन काय करते? वर्णन गप्प आहे. तसेच ज्या पानाचा मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यावरच उमटतो त्या पानाचे. फेच जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे हाती रिकामा सांगाडा येतो आणि पानाचे सुलभीकरण होऊ शकले नाही एवढाच निरोप मिळतो. या निरोपावरून ‘संकेतस्थळ बंद आहे’ असा निष्कर्ष काढणे किती सोपे आहे! तोडलेल्या पानाच्या निरोपात पुढे काय करावे ते होते, इथे ते नाही. जुन्या मराठी पानांचा तर वेगळाच अध्याय: युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेली पाने डोळ्याला मराठी दिसत, पण आतले संकेत रोमन लिपीचे. ती पार्सरमधून व्यवस्थित बाहेर येतात, फक्त कुणालाच वाचता येत नाहीत.

सुरक्षेबाबत फेचचे पत्रक एक सावधगिरी ठळकपणे सांगते: हे साधन घरातल्या किंवा कार्यालयातल्या अंतर्गत पत्त्यांपर्यंतही पोहोचू शकते. ‘रोबोट्स-टीएक्सटी’ या यंत्रांसाठीच्या प्रवेशनियमांबद्दलही स्पष्ट आहे. हा संकेत १९९४ पासूनचा, २०२२ मध्ये त्याला आरएफसी ९३०९ म्हणून अधिकृत रूप मिळाले. मॉडेलने आपण होऊन पान मागितले तर फेच तो पाळते, माणसाने थेट सांगितले तर पाळत नाही. हा भेद पटो न पटो, लिहिलेला आहे. जी गोष्ट मला दोन्ही पत्रकांत ठळक हवी होती ती वेगळीच: परत आलेला मजकूर परक्याने लिहिलेला आहे, त्यात मॉडेलला उद्देशून हुकूम असू शकतात. या हल्ल्याला सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले. पांढऱ्यावर पांढरी अक्षरे माणसाला दिसत नाहीत. गाळणी रंग बघत नाही, तिला ती बाकीच्या मजकुरासारखीच. रीडेबिलिटीचे पत्रक परक्या पानांतून घातक स्क्रिप्ट येऊ नये म्हणून शुद्धीकरण करून घ्या असे बजावते, आणि ब्राउझरसाठी ते योग्यच आहे. पण मॉडेलला स्क्रिप्टची भीती नाही. त्याला धोका साध्या, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेल्या वाक्याचा आहे, आणि त्याचे शुद्धीकरण करणारा संच मिळत नाही.

अशा पत्रकाची परीक्षा नुसते वाचून होत नाही. मला उपयोगी वाटणारी पद्धत साधी आहे. कोड न उघडता, फक्त पत्रक वाचून, निवडक दहा-बारा पानांबद्दल भाकीत लिहून काढायचे: इथे काय परत येईल, काय गळेल, अडले तर कोणता निरोप येईल. पाने मुद्दाम खोडसाळ निवडायची: जोडलेल्या चौकटींचा तक्ता, एका ओळीची सूचना, पाच हजारांहून मोठा लेख, स्कॅन केलेल्या कागदाचे चित्र, जावास्क्रिप्टवर चालणारे पान. मग साधन चालवून ताडून बघायचे. चुकलेल्या भाकितांपेक्षाही जिथे भाकीत करताच आले नाही, कारण पत्रकात त्याबद्दल अक्षरही नाही, त्या जागा मोजाव्यात. दुसरा टप्पा मॉडेलचा. त्याला तीच पाने, तेच प्रश्न, आणि वर्णनाच्या दोन आवृत्त्या द्यायच्या. एकीत जादा एवढेच की बाजूच्या चौकटी गळू शकतात, तेव्हा ‘उल्लेख नाही’ असे सांगण्यापूर्वी कच्चे पान मागवून बघ. उत्तरात फरक पडतो की नाही, यावरून त्या वाक्याची किंमत ठरते.

किंमत हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. माणसासाठीचे पत्रक कितीही लांबले तरी बिघडत नाही, नको तो भाग तो उलटून पुढे जातो. मॉडेलसाठीचे वर्णन प्रत्येक संभाषणात सोबत जाते, आणि वीस साधनांची वीस वर्णने एकत्र झाली की मॉडेलचे लक्षही विखुरते, खर्चही वाढतो. त्यामुळे सगळेच लिहा असे म्हणून भागत नाही. फेचच्या वर्णनातली ‘मुळात तुला इंटरनेट नव्हते’ ही वाक्ये त्या काळी गरजेची असतील. आज बहुतेक मॉडेलांना ती सांगावी लागत नाहीत, असे माझे मत आहे. ती जागा मोकळी करून तिथे तीन गोष्टी बसतील: पान गाळून दिले जाते आणि शेजारच्या चौकटी, छोट्या सूचना गळू शकतात, जावास्क्रिप्टने उमटणारा मजकूर येत नाही, आणि पुढचा भाग मागवला की पान नव्याने आणले जाते, म्हणजे मधल्या वेळात ते बदललेले असू शकते. ही तिसरी बाब आज कोड वाचूनच कळते.

आणि चाचणीच्या त्या दहा-बारा पानांत दोन तरी मराठी असावीत. एक जिल्हा प्रशासनाच्या नोटिशीसारखे, चार ओळींचे. दुसरे एखाद्या महाविद्यालयाच्या प्रवेशफेरीच्या वेळापत्रकासारखे, उभ्या जोडलेल्या चौकटींचे. ती बनवायला इंग्रजी साधनांच्या कर्त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. एचटीएमएलची चाळीस-पन्नास ओळींची फाइल, एक दुपार, आणि ‘पानावर शेवटची तारीख कोणती?’ हा एक प्रश्न, एवढ्यावर सुरुवात होते.